तांत्रिक रेखन आणि मुली : एका समजुतीची तपासणी

‘मुलींच्या रेषा स्वच्छ असतात, पण ठोकळ्याची तीन दृश्ये काढायला सांगितली की त्या अडतात.’ शिक्षककक्षात हे वाक्य आपण सहज बोलतो. ते तपासून पाहणे आम्हांला आवश्यक वाटते. कारण दहावीनंतर कोणी कोणत्या शाखेला जावे, याचे सल्लेही अशाच वाक्यांवरून दिले जातात.

समजूत अगदीच निराधार नाही. वस्तू मनातल्या मनात फिरवून ओळखण्याचा शेपर्ड आणि मेट्झलर यांचा प्रयोग १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या धर्तीच्या चाचण्यांत मुलग्यांची सरासरी सातत्याने जास्त येते. मात्र सरासरीतला फरक म्हणजे उपजत क्षमतेतला फरक, असे आपण धरून चालतो, तिथे चूक होते. कित्येक मुली कित्येक मुलग्यांच्या पुढे असतात, हेही आपण विसरतो.

अमेरिकेतील मिशिगन टेक्नॉलॉजिकल विद्यापीठात शेरिल सॉर्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये अभियांत्रिकीच्या नव्या विद्यार्थ्यांची अशी चाचणी घेतली. ६० टक्के किंवा त्याहून कमी गुण मिळालेल्यांत मुलींचे प्रमाण त्यांच्या संख्येच्या मानाने बरेच जास्त होते. पण लहानपणी जोडणीची खेळणी खेळलेल्यांना आणि पूर्वी यांत्रिक रेखन शिकलेल्यांना चांगले गुण मिळाले होते, असेही दिसले. म्हणजे गुणांमागे मिळालेली संधीही होती. मागे पडलेल्यांकडून ठोकळे हाताळणे, मुक्तहस्ताने आकृत्या काढणे असा सराव करून घेतल्यावर त्यांचे गुण स्पष्टपणे वाढले.

या कामावरही आक्षेप घेता येतो. पुढे हा अभ्यासक्रम ऐच्छिक होता. तो निवडणारे मुळातच जिद्दी असू शकतात. शिवाय २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २१७ अभ्यासांच्या आढाव्यात सरावाचा लाभ मुलगे आणि मुली दोघांनाही झालेला दिसतो. तेव्हा सरावाने दोघांतील अंतर आपोआप मिटेल, असे नाही. पण मागे असलेली मुलगी पुढे येते, हे शिक्षकाच्या दृष्टीने महत्त्वाचे.

आपल्या वर्गात काय घडते? फळ्यावर ठोकळा काढून, तो कोणाच्याही हाती न देता, आपण दृश्ये मागतो. घरी सायकल खोललेला मुलगा निभावून नेतो. जिच्या हाती कधी पाना आलाच नाही, ती अडते. तेव्हा साबणाची वडी कापून प्रत्येकाच्या हाती देऊ. पुढून, वरून, बाजूने पाहू देऊ. मग कागद देऊ. ‘जमत नाही’ हा शेरा त्यानंतरही लिहावासा वाटला, तर पाहू.