झेंड्याचे वय

सीमाप्रश्नावरच्या मराठी लेखनात एक युक्तिवाद हमखास भेटतो: बेळगावात फडकणारा लाल-पिवळा झेंडा ऐतिहासिक नाही, तो म. राममूर्तींनी १९६०च्या दशकात कन्नड पक्षासाठी केला. खरे आहे. २०१८मध्ये कर्नाटक सरकारने राज्यध्वज म्हणून पुढे केलेला झेंडाही निराळाच, मधल्या पांढऱ्या पट्ट्यावर गंडभेरुंड असलेला. पण ही फूटपट्टी आपण स्वतःला लावत नाही. शिवजयंतीला आमच्या शहाडच्या पुलावरून महाराजांचे छापील चित्र असलेले झेंडे जातात, ते तरी शिवकाळातले कुठे? (पेशवाईतला जरीपटका तर मानाने मिळे, बाजारात नव्हे.) १ नोव्हेंबरला काळा दिन पाळणाऱ्या बेळगावकराचे दुखणे १९५६च्या राज्यपुनर्रचनेचे आहे. झेंड्याच्या वयावर त्याची बाजू उभी करणारे लेखक ती कमजोर करतात. त्याला सरकारी कागद मराठीत हवा आहे, आणि त्याबद्दल या लेखांत जेमतेम एखादे वाक्य असते.