मुंबईचें पाणी आणि मध्यमवर्ग

शास्त्रीय ग्रंथांविषयीं आपल्याकडे एक सोयीस्कर समजूत रूढ आहे. त्यांतील आंकडे खरे कीं खोटे हें तज्ज्ञांनीं पाहावें, आणि इतरांनीं ते ग्रंथ आदरानें कपाटांत ठेवावेत. परंतु कांहीं ग्रंथ थेट वाचकाच्याच घराविषयीं बोलूं लागतात. मॅथ्यू गँडी या इंग्रज भूगोलज्ञाचें मुंबईच्या पाण्यावरील लेखन या जातीचें आहे. २००८ सालीं त्यांचा 'लँडस्केप्स ऑफ डिझॅस्टर' हा निबंध 'एन्व्हायरन्मेंट अँड प्लॅनिंग ए' या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. पुढें २०१४ सालच्या 'द फॅब्रिक ऑफ स्पेस' या ग्रंथांत पॅरिस, बर्लिन, लागोस, लॉस अँजेलिस आणि लंडन यांच्या पंक्तीस मुंबई येऊन बसली.

गँडी यांचा सिद्धांत थोडक्यांत असा: मुंबईच्या पाणीव्यवस्थेचे दोष केवळ नळांचे किंवा पैशाचे नाहींत. त्यांचें मूळ परकीय अमदानींत आहे. पुढें शहराची झपाट्यानें झालेली वाढ, दंडेलीचें राजकारण आणि सार्वजनिक जीवनावर मध्यमवर्गाच्या हितसंबंधांची पडलेली छाप यांनीं ते बळावले. यांतील शेवटचें कलम आपल्यावर आहे. तें वाचून आम्ही फणसवाडीकर प्रथम रागावलों, हें कबूल करावयास हवें.

पहिल्या कलमाविषयीं वाद नाहीं. १८५४ च्या टंचाईनें शहर होरपळल्यावर सरकारास जाग आली, आणि १८६० मध्यें विहारचें पाणी मुंबईंत आलें. मागाहून १८७९ मध्यें तुळशी व १८९२ मध्यें तानसा आले. परंतु आलेलें पाणी वाहून नेणारीं गटारें त्या वेगानें झालीं नाहींत. पाणी आणणें ही कीर्तीची बाब व सांडपाणी काढणें ही खर्चाची बाब, असें मानण्याची जी खोड तेव्हां लागली ती अद्यापि सुटलेली नाहीं. या कथेंत आमच्या वाडीपुरती एक भर आम्ही घालतों. फणसवाडी हें नांवच सांगतें कीं, येथें घरांच्या अगोदर झाडें होतीं. गिरगांवच्या वाड्या विहिरींच्या पाण्यावर पोसल्या. १९११ सालीं डॉ. बेंटले यांनीं हिवतापाचा अहवाल दिला. डांस विहिरींत निपजतात असें ठरलें, आणि विहिरी झांकण्याची व बुजविण्याची मोहीम सुरू झाली. उपाय शास्त्रास धरून होता. तथापि ज्यांनीं धर्माच्या नांवानें त्यास विरोध केला, त्यांच्या हट्टांत आपल्या दारचें पाणी गमावण्याची खरी भीतिहि होती. विहिरी गेल्या आणि वाडी सर्वस्वीं दूरच्या तलावांची आश्रित झाली.

आतां आमचा आक्षेप. 'मध्यमवर्ग' हा शब्द गँडी जेवढा सैल वापरतात तेवढा तो आम्हांस परवडत नाहीं. गिरगांवच्या चाळींतला कारकून, शिक्षक, छापखान्यांतला मुद्रितशोधक हा मध्यमवर्गच होता; परंतु त्याच्या घरांतलीं माणसें पहाटे उठून मोरीवरच्या सामाईक नळाशीं हंडे-कळशा घेऊन उभीं राहत. पाणी गेलें कीं दिवस गेला. मलबार टेंकडीवरील बंगला आणि ही चाळ एकाच शब्दांत बांधणें हा भूगोल नव्हे.

परंतु राग ओसरल्यावर विचार केला तों आक्षेप अर्धाच उरला. चाळींतला नळ उशिरा येई, पण तो कायद्याचा नळ होता. त्याचें बिल येई आणि तक्रार करण्यास जागा असे. झोपडींत राहणाऱ्याचें तसें नव्हतें. अमुक तारखेपूर्वींची वस्ती असेल तरच पाणी, असा या शहराचा न्याय होता; अनेक वर्षें ती तारीख १ जानेवारी १९९५ ही होती. नळ नसलेला मनुष्य तेंच पाणी टँकरवाल्याकडून कितीतरी पट दरानें विकत घेई. २०१४ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें तारखेच्या सबबीवर पाणी नाकारतां येणार नाहीं असें ठरविलें, तरी सर्वांस पाणी देण्याचें महापालिकेचें धोरण २०२२ मध्यें निघालें. या सर्व काळांत आम्ही वर्तमानपत्रांत पत्रें लिहिलीं तीं आमच्या नळाच्या धारेविषयीं. मध्यमवर्गाचें वर्चस्व तें हेंच असावें: दांडगाई नव्हे, तर आपली तक्रार तीच शहराची तक्रार असें समजणें.

दुसरा आक्षेप शीर्षकावर आहे. आपत्ति म्हटली कीं २६ जुलै २००५ आठवतो; त्या दिवशीं सांताक्रुझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पूर आणि टंचाई हीं एकाच दुर्व्यवस्थेचीं दोन अंगें होत, हें गँडी यांच्या विवेचनावरून पटतें, व हा या लेखनाचा मोठा गुण आहे. परंतु पूर ओसरतो. रोजची टंचाई ही आपत्ति नसून वहिवाट आहे. तिला आपत्ति म्हणणें म्हणजे नकळत दैवास जबाबदार धरणें होय, आणि लेखकाचा सिद्धांत तर नेमका उलट आहे.

शहर हाच त्यांचा विषय असल्यामुळें आणखी एक बाजू वाचकानें स्वतः जोडून घ्यावी. तानसा व भातसा हे तलाव शहापूर तालुक्यांत आहेत. त्यांचें पाणी सुमारें शंभर किलोमीटर चालून आमच्या मोरींत येतें, आणि त्याच तालुक्यांतील पाड्यांवर उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहतात. ज्यांच्या शेजारीं पाणी सांठतें त्यांची रांग आमच्या रांगेहून लांब आहे.

ग्रंथाची परिभाषा जड आहे. मराठींत त्याचा सुबोध सारांश कोणीं तरी करावयास हवा, आणि तो लौकर हवा. गिरगांवांत चाळींच्या जागीं उंच इमारती उठत आहेत. तळघरांत टांकी व विजेचा पंप आला कीं मोरीवरची रांग एका पिढींत विसरली जाईल. रांगेंत उभें राहण्यांत पुरुषार्थ होता असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्यांनीं ती रांग पाहिली त्यांना दुसऱ्याची रांग समजणें कठीण नाहीं. त्यांच्या हयातींतच हा ग्रंथ घरोघर वाचला जावा.