जुळ्यांवरचा व्हीगन प्रयोग नेमकं काय सांगतो, आणि तो वाचताना माझं काय चुकलं

जानेवारी २०२४. नेटफ्लिक्सवर 'यू आर व्हॉट यू ईट: अ ट्विन एक्सपेरिमेंट' ही चार भागांची मालिका नुकतीच आली होती. मी चारही भाग एका रात्रीत पाहिले आणि सकाळी घरी फोन लावला. बाबांचा रिपोर्ट महिनाभरापूर्वीच आला होता, एलडीएल १५२. "आजपासून तूप, दूध, दही, अंडी, मटण सगळं बंद," मी जाहीर केलं. बाबा म्हणाले, "बरं बाई, तू शिकलेली." आईने काहीच विचारलं नाही. तिच्या गप्प बसण्याकडे मी लक्ष द्यायला हवं होतं. त्यावर पुढे येते.

मूळ पेपर मी त्यानंतर तीन आठवड्यांनी वाचला. होय, बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी करून पीएचडी करणाऱ्या मुलीने आधी मालिका पाहिली, मग घरचा आहार बदलला, आणि मग पेपर वाचला. तुमच्यापैकी जे पेट किंवा नेटच्या तयारीत आहेत त्यांना 'पेपर कसा वाचावा' यावर एक पोस्ट हवी होती. म्हणून हाच घेते.

पेपर ३० नोव्हेंबर २०२३ ला जामा नेटवर्क ओपनमध्ये आला. पहिले लेखक मॅथ्यू लँड्री, गटप्रमुख स्टॅनफर्डचे ख्रिस्तोफर गार्डनर. एकसारख्या जुळ्यांच्या २२ जोड्या, म्हणजे ४४ माणसं. प्रत्येक जोडीतल्या एकाला आठ आठवडे व्हीगन आहार, दुसऱ्याला मिश्राहार, कोणाला कुठला ते रँडम. पहिले चार आठवडे जेवण तयार डब्यांतून घरपोच, पुढचे चार आठवडे स्वतः करून खायचं.

आधी कौतुक, कारण ते खरोखर करायला हवं. आहारावरच्या बहुतेक अभ्यासांत लोक काय खातात ते विचारतात आणि वीस वर्षांनी कोणाला हृदयविकार झाला ते बघतात. यात अडचण अशी की जो माणूस शाकाहारी होतो तो बऱ्याचदा सिगरेट ओढत नाही, व्यायाम करतो, डॉक्टरकडे वेळेवर जातो. फायदा भाजीचा की बाकीच्या सवयींचा, सांगता येत नाही. इथे जनुकं सारखी, बहुतेकांचं लहानपणही एका घरातलं, आणि आहार कुठला घ्यायचा हे नाण्याच्या उडीसारखं ठरलेलं. दुसरी गोष्ट मला जास्त आवडली. मिश्राहारी गटाला बर्गर आणि चिप्स देऊन मुद्दाम हरवलेलं नाही. दोन्ही गटांना भाज्या, कडधान्यं, फळं, अख्खी धान्यं भरपूर आणि साखर-मैदा कमी. आहाराच्या वादात समोरच्या गटाला वाईट खायला घालून जिंकायची पद्धत सर्रास आहे. ती इथे नाही.

निकाल असा: व्हीगन गटाचा सरासरी एलडीएल ११०.७ वरून ९५.५ वर आला, मिश्राहारींचा ११८.५ वरून ११६.१ वर. दोन गटांतला फरक १३.९ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, आणि ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल २.४ ते २५.३.

इथे थांबा आणि वजाबाकी करून बघा. एका गटात १५.२ ची घट, दुसऱ्यात २.४ ची. फरक १२.८ यायला हवा, पेपर १३.९ म्हणतो. पहिल्यांदा मलाही वाटलं की चूक पकडली! चूक नाही. पेपरमधला आकडा साध्या सरासऱ्यांच्या वजाबाकीतून येत नाही, सांख्यिकी मॉडेलमधून येतो. असा फरक दिसला की मेथड्स विभागात जायचं, लगेच ट्विटरवर जायचं नाही.

आणि तो इंटरव्हल. २५ ने घट म्हणजे कोणताही डॉक्टर खूश होईल. २.४ ने घट म्हणजे आज आणि पुढच्या आठवड्यात रक्त दिलं तर नुसत्या चढउतारात हरवून जाईल इतकी. हा डेटा या दोन्हींशी जुळतो. ४४ माणसांकडून याहून जास्त नेमकेपणा मागणं चूक आहे, आणि पेपर तो दावा करतही नाही. मालिका करते. तिचे दिग्दर्शक लुई सिहोयोस, 'द गेम चेंजर्स' वाले. कोंबड्यांची शेडं, डुकरांचे फार्म, सामन माशांची शेती हे सगळं दाखवत ती आपल्याला एका निष्कर्षाकडे नेते. पर्यावरणाचे आणि प्राण्यांच्या हालांचे मुद्दे महत्त्वाचे आहेतच, पण त्यांचं उत्तर एलडीएलच्या नळीत सापडत नाही. शिवाय थर्मल कॅमेऱ्याने लैंगिक उत्तेजना मोजण्याचा एक प्रसंग आहे, तो या पेपरमध्ये औषधालाही नाही.

पैशाचं म्हणाल तर गार्डनर यांना आधी बियाँड मीट या कंपनीकडून संशोधनासाठी निधी मिळालेला आहे, आणि तो पेपरमध्ये जाहीर केलेला आहे. माहिती म्हणून नोंदवायची. तेवढ्यावरून निकाल फेकून द्यायचा नाही.

आता टीकाकारांकडे. आमच्या जर्नल क्लबमध्ये मी हा पेपर मांडला तेव्हा एकाने लगेच म्हटलं, "व्हीगन गटाचं वजन १.९ किलोने जास्त उतरलं, एलडीएल त्यामुळेच उतरला असणार, संपला विषय." ऐकायला हुशार वाटतं. पण गणित करा. १९९२ सालच्या एका गाजलेल्या मेटा-अ‍ॅनालिसिसनुसार एक किलो वजन घटलं की एलडीएल साधारण ०.८ मिलिग्रॅमने कमी होतो. १.९ किलोचे झाले दीड मिलिग्रॅम. उरलेले बारा कुठून आले? संपृक्त चरबी कमी झाली आणि तंतू वाढले, हेच सर्वात सरळ उत्तर. वजनाचा आक्षेप इन्सुलिनच्या आकड्याला मात्र नीट लागू पडतो, आणि याच जुळ्यांवर २०२४ मध्ये बीएमसी मेडिसिनमध्ये आलेल्या 'जैविक वय कमी झालं' या निष्कर्षालाही. तिथे डब्यांतल्या कॅलरीच दोन गटांत सारख्या नव्हत्या.

बरं, संपृक्त चरबी कमी आणि तंतू जास्त, हे कारण असेल तर 'वनस्पतीजन्य' ही पाटी कितपत कामाची? याचं उत्तर मला आमच्या स्वयंपाकघरात मिळालं. माझ्या फर्मानानंतर बाबांचा सायीचं दही आणि तूप घातलेला वरणभात गेला. दुधाच्या चहाऐवजी कोरा चहा आला, आणि तो घशाखाली उतरावा म्हणून सोबतीला खारी, सकाळी चार, संध्याकाळी चार. खारीवर बंदी नव्हती ना! गावातल्या बेकरीत ती वनस्पती तुपात होते. नावातच वनस्पती. माझ्या नियमाप्रमाणे खारी पास आणि वाटीभर ताक नापास. संशोधनाच्या भाषेत सांगायचं तर मी चल बदललं एक आणि नाव दिलं दुसऱ्याला.

'संतुलित आहार विरुद्ध वनस्पतीजन्य आहार' अशी कुस्ती जे लावतात तेही हीच चूक करतात. प्रयोगातले दोन्ही आहार संतुलितच होते. भाकरी, मटकीची उसळ, मेथी, शेंगदाण्याची चटणी हे ताटही व्हीगनच आहे, आणि ते चुकून कोणी व्हीगन म्हणत नाही.

आता आईकडे येते. आई माळकरी. पंधरा वर्षांपूर्वी माळ घातली तेव्हापासून मांस-मासे-अंडी वर्ज्य. प्राणिज म्हणावं असं तिच्या पोटात जायचं ते फक्त दूध आणि ताक. मी बाबांसाठी दूध बंद केलं. घरात दोन माणसं, दूध एक लिटर, आणि ते बाबांसमोर नको म्हणून तिने रतीबच बंद करून टाकला. मला सांगितलंही नाही. हातापायाला मुंग्या येतात म्हणून ती तालुक्याच्या डॉक्टरांकडे गेली तेव्हा कळलं. बी-१२ आलं १४०, तेही पिकोग्रॅममध्ये. लॅबची खालची मर्यादा २०० होती.

हे माझ्या दोन महिन्यांच्या फतव्यामुळे झालं का? नाही. आणि त्याचं कारण नीट समजून घ्या, कारण पेपर वाचताना हाच मुद्दा निसटतो. बी-१२ यकृतात साठतं आणि तो साठा रिकामा व्हायला वर्षं लागतात. आईची कमतरता जुनी होती, मी तिचा उरलेला एकमेव झरा बुजवला. जुळ्यांच्या प्रयोगातही व्हीगन गटाच्या रक्तातल्या बी-१२ मध्ये आठ आठवड्यांनी लक्षणीय फरक दिसला नाही. दिसणारच नव्हता. आठ आठवड्यांत एलडीएल हलतो, बी-१२ ला तेवढा वेळ पुरत नाही. कुठला अभ्यास किती दिवसांचा आहे हे बघून त्यात काय दिसूच शकणार नाही, याची यादी आधी करायची.

आणि आपल्याकडे तर हा प्रश्न अगदी दाराशी आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ साली पुणे परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ६७ टक्के पुरुषांत बी-१२ कमी, शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्के. हे लोक व्हीगन नव्हते. स्टॅनफर्डमधले लोक अंडी, चिकन, चीज खाऊन साठा भरलेल्या शरीराने प्रयोगात उतरले होते. आपल्यातले बरेच जण रिकाम्या टाकीने उतरणार. तोच सल्ला, वेगळं शरीर. पेपरमधली माणसं सरासरी ३९.६ वर्षांची, तीन चतुर्थांशांहून जास्त बायका, तब्येतीने बऱ्या. त्यात ना माझे त्रेसष्ट वर्षांचे बाबा होते, ना माळकरी आई.

राहिला आनंदाचा मुद्दा. हा विषय निघाला की विज्ञानवाले जरा नाक मुरडतात, जणू चव म्हणजे शिस्त नसलेल्यांची सबब. दोन जुने अभ्यास बघा. कॅनडाचे डेव्हिड जेन्किन्स यांनी २००३ साली ओट्स, सोया, बदाम, वनस्पती स्टेरॉल असा 'पोर्टफोलिओ' आहार जेवण पुरवून महिनाभर दिला. एलडीएल २८.६ टक्क्यांनी खाली, लोव्हास्टॅटिन घेणाऱ्यांचा ३०.९. गोळीच्या जवळपास! २०११ मध्ये त्यांनीच ३५१ लोकांना तसाच आहार फक्त सल्ला म्हणून दिला, स्वयंपाक ज्याचा त्याचा. सहा महिन्यांनी घट तेरा-चौदा टक्के. निम्मी. ती उरलेली निम्मी कुठे गेली हे शोधायला सूक्ष्मदर्शक लागत नाही, लग्नं-सणवार-कंटाळा-ऑफिसचा डबा एवढं पुरे. आणि २००५ चा बॉस्टनचा डॅन्सिंगर यांचा अभ्यास: १६० माणसं, चार आहार, एक वर्ष. वजन किती उतरलं याचा आहाराच्या प्रकाराशी जवळजवळ संबंधच नाही, आहार किती पाळला याच्याशी घट्ट संबंध. ऑर्निशच्या अतिकमी चरबीच्या शाकाहारी आहारात वर्षभर टिकले निम्मेच. म्हणजे आवड ही मोजायच्या राशींपैकीच एक आहे. ती न मोजता काढलेला निकाल वर्षभरानंतरच्या ताटाबद्दल फारसं सांगत नाही.

पण "एकदाच जगायचंय, खाऊन घ्या" म्हणणाऱ्यांच्या गाडीतही मी बसणार नाही. तेही बाबांना ओळखत नाहीत. बाबांचा आनंद मटणाच्या किलोत नव्हताच. रविवारी सकाळी सात वाजता दुकानासमोर रांगेत उभं राहणं, खाटकाशी हुज्जत घालून नेमका तुकडा मागणं, अकराला काका यायचे, मग अंगणात बसून दोघांचं एसटीतल्या दिवसांचं पुराण. अर्धा किलोत पाच माणसं, म्हणजे वाट्याला चार फोडी आणि रस्सा. मी मटण बंद केलं तर काकांचं येणं बंद झालं. आई म्हणाली, "दोन महिने हे रविवारी नुसते पेपर वाचत बसतात." एलडीएल उतरला होता, १५२ चा १३४. अर्थात त्याच काळात डॉक्टरांनी चालायलाही लावलं होतं, त्यामुळे या आकड्यावरून मी काही सिद्ध करू शकत नाही. कंट्रोल ग्रुप नाही, नमुना एक.

आता व्यवस्था अशी आहे. रविवारचं मटण परत आलं, वरचं तेल काढून. खारी गेली, जागेवर फुटाणे. तूप सणाला. रतीब सुरू, दूध साय काढून. बाबांची पुढची तपासणी झाली, १३८. डॉक्टर म्हणाले, असंच ठेवा, नाही उतरला तर गोळी सुरू करू. बाबांना गोळी चालणार आहे, काका येणार असतील तर.

आईला बी-१२ ची आधी इंजेक्शनं झाली, आता गोळी चालू आहे. पहिलं पाकीट हातात घेऊन तिने मला फोनवर विचारलं होतं, "यात मांसाचं काही नाही ना गं?" मी सांगितलं, हे जिवाणूंकडून करून घेतात, दही लागतं तसंच समज. तिने विचार केला आणि म्हणाली, "मग त्या दुसऱ्या मऊ कॅप्सूल होत्या त्या?" जिलेटिनच्या असतात त्या, प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून. हे मला सुचलं नव्हतं. डॉक्टरांना फोन करून साधी गोळी लिहून घेतली.