पतंगांनी रंग बदलला?

नैसर्गिक निवडीचा पाठ आला, की एक चित्र हमखास भेटते. काजळीने काळवंडलेले खोड. त्यावर एक पांढुरका पतंग उठून दिसतो आहे, तर शेजारचा गडद पतंग चटकन सापडत नाही. इंग्लंडमधील ‘पेपर्ड मॉथ’चे हे उदाहरण आम्ही शाळेत शिकलो आणि पुढे शिकवलेही. उदाहरण उत्तम आहे. आमची तक्रार आहे ती ते सांगण्याच्या पद्धतीबद्दल.

पहिली तक्रार भाषेची. ‘कारखान्यांमुळे खोडे काळी झाली, म्हणून पतंगांनी आपला रंग बदलला’ हे वाक्य वर्गात सर्रास ऐकू येते. पण एकाही पतंगाने रंग बदलला नाही. पांढुरका पतंग मरेपर्यंत पांढुरकाच राहिला. गडद रंग आला तो आनुवंशिक बदलातून. हा बदल नेमका कोणता, ते २०१६ साली कळले: जागा बदलू शकणारा डीएनएचा एक तुकडा ‘कॉर्टेक्स’ नावाच्या जनुकात शिरला होता. ही घटना १८१९च्या सुमाराची असावी, असा संशोधकांचा हिशेब आहे. पतंगांना गरज होती म्हणून ती घडली नाही. ती योगायोगाने घडली. १८४८ साली मँचेस्टरला गडद पतंगाची नोंद झाली, तेव्हा तो दुर्मीळ होता. १८९५ पर्यंत तेथील सुमारे ९८ टक्के पतंग गडद झाले. बदलले ते समूहातील प्रमाण. १९५६च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर हवा निवळत गेली, तसे हे प्रमाण पुन्हा उलटले. गोष्टीचा हा उत्तरार्ध आपण बहुधा सांगतच नाही.

दुसरी तक्रार पुराव्याची. आपण चित्र दाखवतो, प्रयोग सांगत नाही. बर्नार्ड केटलवेल यांनी पतंगांवर खुणा करून ते रानात सोडले व काही पुन्हा पकडले. १९५३ साली बर्मिंगहॅमजवळच्या काजळलेल्या रानात गडद पतंगांपैकी २७.५ टक्के, तर पांढुरक्यांपैकी १३ टक्के परत मिळाले. १९५५ साली डॉर्सेटच्या स्वच्छ रानात आकडे उलटे आले: गडद ६.३, पांढुरके १२.५ टक्के.

पुढे या प्रयोगावर टीका झाली. पतंग दिवसा खोडांवर सोडले होते. निसर्गात ते बरेचदा फांद्यांवर विसावतात. पुस्तकांतील काही छायाचित्रांत तर पतंग मुद्दाम ठेवलेले होते. एवढ्यावरून ‘उत्क्रांतीचा पुरावाच खोटा’ अशी आवई उठली. मायकेल मॅजेरस यांनी तिला प्रयोगानेच उत्तर दिले. २००१ ते २००७ या काळात केंब्रिजला त्यांनी ४,८६४ पतंग रात्री सोडले, त्यांना आपली जागा निवडू दिली आणि सकाळी पक्षी कोणते टिपतात ते पाहिले. स्वच्छ हवेत गडद पतंगच अधिक टिपले गेले. मॅजेरस २००९ साली वारले. सहकाऱ्यांनी त्यांचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध केले. विज्ञान आपली चूक कशी दुरुस्त करते, याचा असा धडा आयता हाती असताना आपण तो गाळतो.

‘एका क्रियापदासाठी एवढा वाद कशाला?’ असे कोणी म्हणेल. आपल्या कपाशीच्या शेताकडे पाहा. बीटी कपाशीवर २०१७ साली विदर्भ-मराठवाड्यात गुलाबी बोंडअळीने थैमान घातले, तेव्हा ‘अळीला विषाची सवय झाली’ असे बोलले गेले. सवय कोणत्याच अळीला झाली नव्हती. विष पचवू शकणाऱ्या मोजक्या अळ्या वाचल्या आणि त्यांचीच संतती वाढली. बीटी बियाण्यासोबत बिगर-बीटीचे वेगळे पाकीट मिळत असे, ते याचसाठी. त्या ओळींत विषाला बळी पडणाऱ्या अळ्याही जगाव्यात, त्यांच्या पतंगांचा प्रतिकारक पतंगांशी संकर व्हावा आणि प्रतिकार पसरण्याचा वेग मंदावावा, हा हेतू होता. अनेकांनी ते बी पेरलेच नाही. ज्याला ‘सवय’ एवढेच शिकवले, त्याला अळीसाठी शेत राखणे हा वेडेपणाच वाटणार.

म्हणून शिक्षकांना आमची एक सूचना आहे. ‘पतंगांनी रंग का बदलला?’ हा प्रश्न यंदा विचारू नये. त्याऐवजी विचारावे: ‘कोणते पतंग वाचले, आणि पुढच्या पिढीत कोणाची संतती जास्त होती?’ उत्तर थोडे लांबेल, पण ते बरोबर असेल.