माणदेशी कसोटीवर गेममधलं जनावर

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' २००४ मध्ये आला, तेव्हा त्यातला शिकारी आपलं जनावर रानातून स्वतः धरून आणायचा. त्याला खायला घालावं लागे. नाराज जनावराचा मारा कमी पडे आणि फारच हेळसांड झाली तर ते मालकाला सोडून निघून जाई. २००८ मध्ये त्यातली निष्ठेची मोजदाद काढून टाकली, २०११ मध्ये खुशी-नाराजीही गेली. त्याआधीच्या 'अल्टिमा ऑनलाइन'मध्येही (१९९७) उपाशी ठेवलेलं जनावर पुन्हा रानटी होत असे. 'वॉरक्राफ्ट'मध्ये चारा घालणं म्हणजे एक बटण दाबणं एवढंच उरलं होतं, म्हणून ते काढलं याचं मला दुःख नाही. त्याच्या जागी काहीच आलं नाही, याचं आहे. ऑनलाइन भूमिका-खेळांतले पेट, म्हणजे पाळीव जनावरं, आज दिसायला देखणे आहेत, पण त्यांना स्वतःचं मन उरलेलं नाही.

'ब्लॅक डेझर्ट'मध्ये ते मेलेल्या शत्रूजवळचा माल गोळा करतात. एका वेळी पाच बाळगता येतात आणि बहुतेक खऱ्या पैशांनी घ्यावे लागतात. 'वॉरक्राफ्ट'मध्ये २०१२ पासून तीन-तीनचे संघ करून त्यांच्या लढती होतात. करमणूक म्हणून हे ठीक आहे, पण याला सोबत म्हणवत नाही.

यामागे तांत्रिक अडचण आहे, ती खरी आहे. ऑनलाइन गेममध्ये जनावर कुठे आहे ते सर्व्हर ठरवतो आणि आसपासच्या प्रत्येक खेळाडूला कळवतो. हजार खेळाडूंमागे हजार जनावरं आली की तेवढ्या वाटा शोधाव्या लागतात. जुन्या 'एव्हरक्वेस्ट'च्या (१९९९) खेळाडूंना आठवत असेल: मालक कड्यावरून खाली उडी मारायचा, जनावर मात्र लांबच्या वाटेनं वळसा घेऊन यायचं आणि वाटेतले सगळे शत्रू मागं लावून आणायचं. यावर सोपा तोडगा निघाला. जनावर मागे पडलं की ते अदृश्य होऊन मालकाशेजारी उगवतं. त्या दिवसापासून डोंगर, ओढा, रात्र, ऊन यांचा पेटशी संबंध संपला.

हे सगळं बघताना मला सतत माणदेश आठवतो. साताऱ्याचे माण-खटाव, सांगलीचे आटपाडी-जत, हा कमी पावसाचा पट्टा खिलार बैलांचा आणि मेंढरांचा. आटपाडी तालुक्यात खरसुंडीला सिद्धनाथाच्या यात्रेत खिलार जनावरांचा मोठा बाजार भरतो. तिथं घेणारा खोंडाचे दात बघतो, भोवरे बघतो, चालवून बघतो, मागून हात लावून ते बुजतं का ते बघतो. एवढं झाल्यावर रुमालाखाली बोटं धरून सौदा. जनावराचा स्वभाव हाच तिथं किमतीचा मोठा भाग असतो. ऑनलाइन गेममध्ये बहुधा स्वभाव नावाचा आकडासुद्धा नसतो. धनगराचा कुत्रा बघा. तो मालकाच्या पायात घोटाळत नाही. रात्री मेंढरं वाघरीत, म्हणजे जाळ्याच्या कुंपणात, असतात, कुत्रा तळाच्या कडेला. लांडग्याचा वास आला की हुकमाची वाट न बघता उठतो. त्याची बांधिलकी कळपाशी आहे आणि निर्णय त्याचा आहे.

माडगूळच्या व्यंकटेश माडगूळकरांनी 'बनगरवाडी' या कादंबरीत (१९५५) हे नातं नेमकं पकडलं. दुष्काळ आला की आधी मेंढरं खंगतात आणि मग वाडी उठते. म्हणजे परिसराला जे होतं ते जनावराला होतं आणि जनावराला होतं ते माणसाला. २०१२-१३ च्या दुष्काळात म्हसवडच्या चारा छावणीत माणसं जनावरांबरोबर राहायला आली, तीही याच हिशेबानं. गेमच्या जगात हिमवादळ येतं, राज्यं बुडतात, पेटच्या अंगावरचा केस हलत नाही. माझी पहिली मागणी हीच आहे: ऋतू आणि जमीन जनावराला लागू द्या. डोंगराळ भागातलं जनावर चिखलात अडखळू दे. सलग राबवलेलं सुस्त होऊ दे. आमच्याकडे बेंदराच्या सणाला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत; गेममध्येही सुट्टीचा एखादा दिवस ठेवता येईल.

एकट्यानं खेळायच्या गेममध्ये काहींनी जनावराला स्वतःचं मन देऊन दाखवलंय. फुमितो उएदा यांच्या 'शॅडो ऑफ द कोलोसस'मधली (२००५) घोडी अ‍ॅग्रो अडथळा आला की स्वतः वळते. त्यांच्याच 'द लास्ट गार्डियन'मधला (२०१६) ट्रिको हा प्राणी सांगितलेलं लगेच ऐकत नाही. त्यावर पुष्कळ खेळाडू वैतागले. माझ्या मते तो त्या गेमचा सर्वांत मोठा गुण आहे, कारण ट्रिको का थबकला ते त्याच्या कानांवरून आणि मानेवरून वाचता येतं. नकार वाचता आला तर खेळाडू तो सोसतो. न वाचता आला तर त्याला ती चूकच वाटते. ऑनलाइन गेम बनवणाऱ्यांनी पेटच्या नव्या कातडीवर (स्किनवर) होणारा खर्च थोडा या हालचालींकडे वळवावा.

दुसरी मागणी मालकीची आहे. आज खेळाडू लॉगआउट झाला की पेटही नाहीसा होतो. ज्याच्याकडे एकच बैल, तो आमच्याकडे शेजाऱ्याशी पैरा करतो. दोघांचा एकेक बैल एका औताला, आज याच्या रानात, उद्या त्याच्या. दोन बैलांची चाल जुळायला वेळ लागतो, आणि बैल एकमेकांना सरावले की माणसंही सरावतात. ऑनलाइन गेममध्ये मुळात अनोळखी माणसं एकत्र यायची असतात, तरी पेट मात्र प्रत्येकाचा वेगळा ठेवलाय. दोन खेळाडूंची जनावरं जोडीनं कामाला लावता यावीत. एक जण नसेल तेव्हा दुसऱ्यानं दोन्हींची वैरण बघावी आणि जनावरानं त्याला ओळखायला शिकावं. सर्व्हरवाल्यांनाही हे परवडेल: जुंपलेल्या जोडीला दोन वाटा शोधाव्या लागत नाहीत, एकच पुरते.