दगडात न उरलेला समाज

पूर्वमध्ययुगीन कलेवर संशोधन करायचं ठरवलंत, तर देवांगना देसाई यांचं 'इरॉटिक स्कल्प्चर ऑफ इंडिया' (1975) वाचावंच लागेल. आधीचे बरेच अभ्यासक मंदिराच्या शिल्पात फक्त तत्त्वज्ञान शोधत होते. देसाईंनी साधा प्रश्न विचारला: पैसे कोणी दिले? सामंतशाही, जमिनीची दानं, राजे-सामंतांची ऐट आणि तांत्रिक प्रभाव यांच्याशी त्यांनी शिल्पं जोडली. पुढे खजुराहोवरच्या 1996 च्या पुस्तकात त्यांनी धार्मिक प्रतिमाविचारावर भर दिला. आपला प्रश्न असा बदलता येतो, हेही त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे.

तरी एक अडचण उरते. बीडचं कंकालेश्वर घ्या. पाण्याने वेढलेलं, तारकाकृती आराखड्याचं, शिल्पांनी भरलेलं मंदिर. दात्याचा प्रश्न इथे लगेच लागू पडतो. पण मंदिर बांधणारे म्हणजे सगळा समाज नव्हे. विज्ञानाच्या भाषेत सांगायचं तर आपलं सॅम्पलच बायस्ड आहे: ज्यांच्याकडे दगड घडवून घ्यायची ऐपत होती, त्यांचंच जास्त उरलं.

मग बाकीचे? बीडपासून जवळच कपिलधार आहे. धबधब्याजवळ मन्मथस्वामींची समाधी, कार्तिकी पौर्णिमेला वीरशैवांची मोठी यात्रा. हे स्थळ उत्तरकालीन आहे, त्यामुळे बाराव्या शतकाचा पुरावा म्हणून ते वापरता येणार नाही. पण त्यामागची परंपरा बसवेश्वरांपर्यंत, म्हणजे मंदिरबांधणीच्या ऐन भरातल्या बाराव्या शतकापर्यंत जाते. शिव गाभाऱ्यात शोधण्याऐवजी इष्टलिंग अंगावर धारण करायचं, ही त्या काळच्या मंदिरसंस्कृतीवर त्याच समाजातून आलेली टीका होती. आणि गळ्यातलं लिंग उत्खननात सापडेलच असं नाही.

म्हणून कपिलधारला लगेच 'मंदिरविरोधी' म्हणून मोकळं व्हायचं का? तेही नाही. स्थावर नाकारणाऱ्या परंपरेचे लोकही शेवटी एका समाधीभोवतीच जमतात. नकार आणि ओढ दोन्ही एकाच समाजात नांदतात.

तेव्हा प्रस्तावात 'दाता कोण' याच्या खाली आणखी एक ओळ लिहा: 'हे कोणाला नको होतं?' उत्तर शिल्पात क्वचितच मिळेल. वचनं, संतचरित्रं, यात्रांच्या प्रथा धुंडाळाव्या लागतील, आणि प्रत्येक साधनाचा काळ वेगळा मांडावा लागेल. काम वाढेल खरं. पण त्याशिवाय 'कला आणि समाज' या शीर्षकातला 'समाज' नुसता नावापुरता राहतो.