के-४० साठी सॉफ्टवेअर शोधताना

'तुमच्या यंत्राला सपोर्ट नाही' असं वाचलं की आपण यंत्रालाच दोष देऊन मोकळे होतो. गॅरेजमध्ये के-४० पडून असेल आणि दारावर मराठी पाटी लावायची हौस अजून शिल्लक असेल, तर थोडं थांबा.

के-४० म्हणजे चाळीस वॅटची लेझर नळी असलेलं स्वस्त चिनी यंत्र. त्यातला मूळ कंट्रोलर बोर्ड बहुधा एम-२ नॅनो असतो, आणि त्याची भाषा इतर बोर्डांहून वेगळी. सोबत येणारं सॉफ्टवेअर यूएसबी किल्लीवर चालतं. किल्ली हरवली की कारभार आटोपला. मग सगळे लाइटबर्नचं नाव सांगतात. लाइटबर्न खरंच उत्तम आहे. आरेखन, मांडणी, वेग, सगळं एकाच ठिकाणी. पण ते जीआरबीएल, रुइडा अशा कंट्रोलरांशी बोलतं, एम-२ नॅनोशी नाही. शिवाय सपोर्टची यादी काही कायमची नसते. याच लाइटबर्नने १.७ नंतर लिनक्सची साथ सोडली.

मुळात आपण प्रश्नच चुकीचा विचारतो. 'माझ्या यंत्रावर कोणतं डिझाइन सॉफ्टवेअर चालेल?' असं विचारणं म्हणजे अक्षरं काढणाऱ्या पेंटरनेच पाटी भिंतीवर ठोकावी असा हट्ट धरणं. चित्र काढणं हे एक काम आणि यंत्र चालवणं हे दुसरं. ही दोन कामं वेगळी केली की निम्मा प्रश्न सुटतो.

यंत्र चालवायला के-४० व्हिस्परर हे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात तुम्हाला एक अक्षरही काढता येत नाही, आणि दिसायला ते अगदीच ओबडधोबड. ते एसव्हीजी फाइल वाचतं आणि रंग पाहून काम करतं: लाल रेघ कापायची, निळी रेघ कोरायची, काळा भाग ओळीओळीने जाळत भरायचा. उणिवाही आहेत. लेझरची ताकद यंत्रावरच्या बटणानेच ठरवावी लागते. विंडोजवर यूएसबीचा ड्रायव्हर बदलावा लागतो, आणि तो बदलला की मूळ सॉफ्टवेअरला यंत्र दिसेनासं होतं. अधिक सोयी हव्या असतील तर मीरके-४०टी पाहा. तेही मोफत आहे आणि एम-२ नॅनोशी बोलतं.

चित्रासाठी इंकस्केप. आपल्या दृष्टीने खरी परीक्षा इथे आहे. जोडाक्षरं आणि वेलांट्या इंकस्केप नीट मांडतं. मजकूर लिहून झाला की त्याचं पाथमध्ये रूपांतर करा. आता यंत्राच्या सॉफ्टवेअरपुढे फक्त रेघा जातात. त्याला मराठी येण्याची गरजच उरत नाही. मात्र इथे एक खोच आहे. देवनागरीत शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर चढलेल्या असतात. तसंच कापायला दिलंत तर प्रत्येक सांध्यावर लेझर आडवा जाईल आणि शब्दाचे तुकडे पडतील. म्हणून आधी गट सोडवा, मग सगळ्या पाथांचं युनियन करा.

त्यानंतर शिरोरेषेची कृपा दिसते. रोमन नाव लाकडातून कापलं की अक्षरं सुटी होतात. देवनागरी नाव एकसंध हातात येतं. अपवाद अनुस्वाराचा. 'शिंदे' कापलंत तर टिंब खाली पडणार. त्याला शिरोरेषेशी जोडणारा बारीक पूल काढून द्या. एकेरी रेघेचे हर्शी फॉण्ट मात्र इथे कामाचे नाहीत. त्यांच्या मूळ संचात रोमन, ग्रीक, सिरिलिक, जपानी आहे, देवनागरी नाही.

रोज ऑर्डरी घेऊन धंदा करणाऱ्याने बोर्ड बदलून लाइटबर्न घ्यावं. त्याचा वेळ वाचेल. वर्षाकाठी चार पाट्या आणि गणपतीची मखर करणाऱ्याला ही दोन मोफत साधनं पुरेशी आहेत, आणि माझ्या मते अधिक चांगलीही. कारण तुमचं नाव एका साध्या एसव्हीजी फाइलमध्ये राहतं. उद्या नळी गेली, बोर्ड जळला, यंत्रच बदललं, तरी तीच फाइल दुसऱ्या यंत्रावर चालेल. सॉफ्टवेअर निवडताना ते तुमचं यंत्र ओळखतं का, हे जरूर पाहा. पण त्याआधी पाहा, तुमचं काम तुम्हाला त्यातून बाहेर काढता येतं का.